सलगम, सीडर आणि सासरे

डिसेंबरात हरणं काय खातात, हे आमच्या भागात छातीठोकपणे सांगू शकणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! उगाच म्हणत नाही. टिलीच्या हॉटेलात सकाळी कॉफीला बसलेल्या कुणालाही विचारा. "डेल्बर्ट नीमेलाला विचारा," असंच सांगतील. "फक्त आम्ही उठून गेल्यावर विचारा," असंही सांगतील, पण ते सोडा.

अहो, विषयच तसा आहे! सुपीरियर सरोवरावरून वारं सुटतं, गुडघाभर बर्फ पडतं, गवत गाडलं जातं, ओकची फळं गाडली जातात. तुम्ही-आम्ही अशा वेळी काय करतो? फ्रीज उघडून उभे राहतो. हरणाला फ्रीज नाही. मग ते मेपलच्या काड्या खातं, कळ्या खातं, वाऱ्याने झाडावरची शेवाळाची दाढी खाली पडली तर तीही चाटूनपुसून खातं. जे उन्हाळ्यात तोंडात धरणार नाही, ते हिवाळ्यात पचवतं, कारण त्याचं पोटच ऋतूबरोबर बदलतं. माझं पोट गेल्या वीस वर्षांत एकाच दिशेने बदललंय! आणि सगळ्यात वर सीडर. हिरवागार, वासाचा सीडर म्हणजे हिवाळ्यातलं पंचपक्वान्न. मागच्या पायांवर उभं राहून, मान ताणून, उंचावरची फांदी ओढणारं हरीण एकदा पाहा. मी तर टोपी काढतो.

तर या वर्षी माझ्या या ज्ञानाचा उपयोग घरच्याच माणसाला करून द्यायची वेळ आली. घरचा माणूस म्हणजे माझे सासरे, एन्सिओ पेल्कोला.

आमच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी मोयाक्का होतो. पातेलंभर रस्सा, त्यात बटाटे, गाजरं आणि हरणाचं मटण. ते मटण पापांनी, म्हणजे सासऱ्यांनी, स्वतः मारलेल्या हरणाचंच असतं. लोर्नाला, म्हणजे माझ्या बायकोला, आठवतंय तेव्हापासून एकही नाताळ चुकलेला नाही. पण या नोव्हेंबरात पापांचा खुबा असा धरला, की सगळा रायफलीचा हंगाम त्यांनी खिडकीत बसून, माझ्यावर चिडून काढला. माझा एका हरणाचा परवाना मी पहिल्याच आठवड्यात वापरून, त्या हरणाचे सॉसेज करून, संपवूनही बसलो होतो. जानेवारीत पापांचं ऑपरेशन, आणि त्यानंतर थोरली मेव्हणी मार्लिस त्यांना ॲरिझोनाला घेऊन जाणार, कायमचं. तिकडे म्हणे नाताळात लोक अर्ध्या चड्डीत फिरतात!

त्यात मार्लिसचा फोन आला. "पापांना त्रास देऊ नका. मी येताना हॅम आणते. वर अननस लावलेलं."

पापांनी फोन ठेवला.

"अननस," ते म्हणाले. बस, एवढंच. पण अशा आवाजात म्हणाले, की मला भडभडून आलं.

"पापा," मी म्हणालो, "ठासणीच्या बंदुकीचा हंगाम अजून बाकी आहे! तुमच्याकडे मादीचासुद्धा परवाना आहे. तुम्ही फक्त खुर्चीत बसा. हरीण तुमच्यासमोर आणून उभं करायची जबाबदारी माझी!"

"कसं आणणार?" लोर्नाने विचारलं. "फोन करून?"

"सलगम!" मी म्हणालो.

ऑगस्टातच मी पापांच्या जंगलातल्या कॅम्पमागे, म्हणजे शिकारीच्या लाकडी खोपटामागे, दलदलीच्या काठाला, सलगमचं शेत लावलं होतं. काय सलगम आले होते! एकेक नारळाएवढा. सलगमचं गुपित असं, की कडक थंडी पडली की ते गोड होतात, आणि मग हरणं बर्फ उकरून ते खातात. हे मी टिलीच्या हॉटेलात इतक्यांदा सांगितलंय, की टिलीने सलगमचं सूप करणं बंद केलं.

"पण त्या हरणांनी कधी सलगम पाहिलाय का?" लोर्ना म्हणाली. "माझ्या आईने ऑलिव्ह पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं औषध आहे."

"हरणांचं तू मला सांगू नकोस!" मी म्हणालो. यावर ती चर्चसाठी तोरणं बांधायला निघून गेली.

गुरुवारी पापा आणि मी कॅम्पवर दाखल झालो. शेताच्या कडेला मी मस्त लपण केलं होतं. फळ्यांचं, आत पापांच्या खुब्यासाठी गादीची खुर्ची. आणि शिस्त! शिकारीत शिस्त नसेल तर काय उपयोग? मी पापांना नियम सांगितले. कॉफी नाही, वास जातो. तंबाखू नाही. बोलायचं नाही, खोकायचं नाही. गाडीचा आवाज नको, म्हणून लोर्नाला इकडे फिरकायचीही बंदी.

"श्वास घेऊ?" पापांनी विचारलं.

"नाकाने घ्या. हळू."

संध्याकाळी साउना, म्हणजे आमची वाफेची खोली, तापवला. आता साउनात आपण बर्चच्या डहाळीने अंग झोडतो, ते पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. पण माणसाचा वास मारायचा तर सीडर हवा, म्हणून मी सीडरच्या फांद्या नेल्या.

"हे काय आणलंयस?" पापा ओरडले. "बर्च कुठाय?"

"पापा, उद्या तुम्हाला सीडरचा वास यायला हवा!"

"जावईबापू, हे बोचतंय!"

"सहन करा!"

कपडेही मी साउनातच टांगले. आणि बंदुकीला तेलाचा वास येतो, तो हरणाला लांबून कळतो, म्हणून पापांची ठासणीची बंदूकही तिथेच, वाफेत, सीडरच्या जुडीशेजारी उभी केली. इतका बारीक विचार दुसरं कोणी करतं का सांगा!

शुक्रवारी आम्ही उजाडायच्या आत लपणात. अंगाला असा काही वास येत होता, की दोन माणसं नव्हे, नाताळची दोन झाडं बसल्यासारखी वाटावीत. मी तर नारिंगी कानटोपीतही सीडरचे तुरे खोचले होते. बसलो. बसलो. पापांना खोकला आला तो त्यांनी मफलरमध्ये दाबला, त्यांचे डोळे लाल झाले. दुपार झाली, दिवस कलला. एक खार आली, सलगम हुंगला आणि निघून गेली.

"गोड झालेत ना?" पापांनी विचारलं.

"मधासारखे!"

"मग खार का पळाली?"

शनिवारीही तेच. आता मला कळलं. हरणांना खाली जेवण आहे हेच माहीत नाही! बर्फाखाली झाकलेलं. ताट वाढलेलं आहे, पण वर झाकण. झाकण काढायला हवं, सलगम फोडून वास पसरवायला हवा. हाताने फोडले तर माणसाच्या हाताचा वास लागणार, म्हणून मी शेतात गुडघ्यांवर बसलो, मागे हात बांधले आणि दातांनी सलगम फोडायला लागलो. एक चावायचा, थुंकायचा, पुढे सरकायचं. शास्त्रीय पद्धत आहे! चार-पाच ओळी झाल्या असतील, तोच समोर बुटांची एक जोडी दिसली. वर पाहिलं तर वनखात्याची जोलीन.

"डेल्बर्ट," ती एकदम हळू आवाजात म्हणाली, वृद्धाश्रमातल्या माझ्या आत्याशी नर्स बोलते तशी, "काय शोधतोयस?"

"शोधत नाही. खातोय."

"बरं. घरी सगळं ठीक आहे ना? लोर्ना जेवायला देते ना?"

"हे माझ्यासाठी नाहीये! हरणांसाठी आहे!"

"हो हो," ती म्हणाली आणि लपणाकडे वळली. "एन्सिओकाका, याचं असं कधीपासून चाललंय?"

"लग्नापासून," पापा म्हणाले.

परवाना बघून, पापांना नीट सांभाळा असं सांगून (कुणाला? मला? की माझ्याबद्दल पापांना? अजून कळलेलं नाही) ती गेली. तासाभराने मी पेट्रोल भरायला गावात गेलो, तर पंपावरच्या माणसाने माझ्या हातात गाजर ठेवलं. बातमी माझ्याआधी पोचली होती!

परत आलो तर पापा कॅम्पच्या पायरीवर बसले होते. खोकत होते आणि बंदुकीच्या नळीवरून हात फिरवत होते.

"डेल्बर्ट," ते म्हणाले, "तू फार खटपट केलीस. राहू दे आता. हॅमसुद्धा वाईट नसतं."

हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! पेल्कोला घराण्याचा पुरुष हॅमबद्दल बरं बोलतो? म्हणजे त्यांनी हात टेकले होते. रविवार शेवटचा दिवस. "उद्या नक्की!" मी म्हणालो. पण सांगतो तुम्हाला, माझाच माझ्यावर विश्वास नव्हता.

रविवार उजाडला. निळं आकाश, कडाक्याची थंडी, वारा पडलेला. नियमांत मी आणखी भर टाकली होती. आता पापांनी खुर्चीत हलायचंही नव्हतं, कारण गादी कुरकुरत होती. शांतता इतकी, की स्वतःच्या पोटातला सलगम मला ऐकू येत होता.

आणि तेवढ्यात, शेताच्या पलीकडच्या टोकाला, कॅम्पच्या रस्त्यावर, घर्रर्रर्र!

करवत! पेट्रोलवरची करवत!

मी उठून फळीच्या फटीतून पाहिलं. रस्त्यावर लोर्नाची पिकअप. बर्फाच्या भाराने एक भलामोठा सीडर रस्त्यावर आडवा झाला होता, आणि माझी बायको, कानांवर आवाजबंद टोपण लावून, त्याच्या फांद्या सपासप तोडत होती. फोनवर बापाचा खोकला ऐकल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, म्हणून माझी बंदी धुडकावून ती गरम सूप घेऊन आली होती. मध्ये झाड आलं तर पेल्कोलांची पोरगी परत फिरते का? गाडीतून करवत काढली आणि भिडली!

"संपलं!" मी म्हणालो. "सगळं संपलं! दोन मैलांतलं हरीण पळालं!"

"जावईबापू, बस खाली," पापा कुजबुजले. "थांब जरा. करवत म्हणजे..."

पण मी ऐकतो होय? मी लपणातून बाहेर उडी मारली आणि शेतातून धावत सुटलो. दोन्ही हात वर, गुडघाभर बर्फात धडपडत, घसा फोडून ओरडत, "बंद कर! लोर्ना, बंद कर!"

आता तिच्या बाजूने बघा. कानांवर टोपण, ऐकू शून्य. समोरून नवरा हात हवेत नाचवत, तोंड वासून धावत येतोय, आणि म्हातारा बाप कुठेच दिसत नाही. तिला काय वाटलं असेल? मला तिच्या चेहऱ्यावरूनच दिसलं. "पापा!" असं तिने किंचाळल्यासारखं केलं आणि करवत बंद करायची सोडून दुप्पट जोरात चालवायला लागली. ॲम्ब्युलन्सला वाट करायची होती ना! मी जितके जास्त हात हलवावेत, तितक्या जास्त फांद्या ती तोडत होती. हिरव्या सीडरचा ढीग वाढत चालला होता, आणि त्या थंड, स्थिर हवेत त्याचा वास सगळीकडे भरला होता.

मी शेताच्या मध्यापर्यंत पोचलो असेन, आणि तिथेच थिजलो.

दलदलीतून हरणं येत होती.

पळत नव्हती हो, येत होती! कान पुढे, मान वर, एकामागून एक, एका ओळीत. पुढे एक म्हातारी मादी, एक कान फाटलेला, नाक करडं. करवतीचा आवाज त्यांना धोक्याचा वाटतच नव्हता. आमच्याकडे लाकूडतोड्यांची करवत वाजली की झाडाचा शेंडा खाली येतो. जिथे मान पोचत नाही तिथला कोवळा, हिरवा सीडर जमिनीवर! त्या म्हातारीने असे कितीतरी हिवाळे जेवणाच्या त्या घंटेवर काढले असतील. आणि हे मला माहीत नव्हतं का? अहो, टिलीच्या हॉटेलात हे मीच सांगतो! दर हिवाळ्याला सांगतो! पण माझ्या डोक्यात सलगम शिरला होता.

काय ती म्हातारी! अंगावर बर्फ, पोट पाठीला टेकलेलं नाही, हाडं दिसत नाहीत. काड्या चघळून, दाढी चाटून, तिने स्वतःला आणि मागच्या सगळ्या गोतावळ्याला इथवर आणलं होतं. अभिमानाने माझा ऊर भरून आला, जसं काही मीच तिला वाढवलं!

ती माझ्यापाशी आली. माझे दोन्ही हात अजून वरच होते. खाली घेतले असते तर हालचाल झाली असती. तिने मला बुटापासून वर हुंगलं. मी साउनात सीडरने घासलेला, कपडे सीडरने माखलेले. तिने मान उंचावली आणि माझ्या कानटोपीतला तुरा अगदी सावकाश ओढून खाल्ला. मग दुसरा. तिची मिशी माझ्या कपाळाला लागली. तेवढ्यात मागून एक जाडजूड तरणी मादी आली आणि माझ्या खिशातल्या फांदीला भिडली.

लपणात पापा उभे राहिले होते. बंदूक खांद्याला. तोफेच्या तोंडी असतो तसा मी मध्ये! ते काही करू शकत नव्हते. मी बसू शकत नव्हतो. एक शब्द बोललो असतो तर नाताळचा मोयाक्का दलदलीत पळाला असता. माझ्या मानेतून वितळलेलं बर्फ पाठीवर उतरत होतं, नाक खाजत होतं, आणि मी, डेल्बर्ट नीमेला, गप्प होतो!

लोर्नाने आता मान वर केली. तिने हरणं पाहिली, मला पाहिलं, आणि मागे उभे असलेले, जिवंत, बंदूक धरलेले पापा पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला तिथूनही दिसलं. दुसरी कोणी असती तर करवत खाली टाकली असती. तिने नाही टाकली! करवत थांबली असती तर ती शांतताच त्यांना खटकली असती. तिने ती तशीच चालू ठेवली, एकेक पाऊल टाकत गाडीपासून दूर गेली, रस्त्याच्या त्या बाजूला, जिथे मागे गोळी अडवायला नुसता वाळूचा उंच उतार आहे. तिथे आडव्या झाडाचा शेंडा होता. तिने तो कापला. कोवळ्या सीडरचा गच्च झुबका बर्फावर पडला, आणि ती हळूच मागे सरकत गाडीच्या आडोशाला गेली.

म्हातारीने कान वळवला. माझ्याकडे एकदा पाहिलं, शिळं ताट सोडून जाणाऱ्या पाहुण्यासारखं, आणि निघाली. सगळी निघाली. शेंड्याभोवती जमली. ती जाडजूड मादी जरा बाजूला, आडवी उभी राहिली. तिच्यामागे फक्त वाळू.

खट्‌!

बंदुकीची तांब्याची टोपी फुटली, बार झालाच नाही. साउना! वाफ! अरे देवा, मी ती बंदूक वाफेत ठेवली होती! मी डोळे मिटले. लोर्नाची करवत चालूच. तिचं बोट करवतीच्या घोड्यावरून हललं नाही. पापांनी हातमोजा दातांनी ओढून काढला आणि थंडीने वाकड्या झालेल्या बोटांनी दुसरी टोपी काढून बसवली. घाई नाही, शिवी नाही. मला दिली असती तरी मी घेतली असती! ते पुन्हा नेम धरून उभे राहिले. खुबा, खोकला, वय, काही म्हणून दिसत नव्हतं त्या माणसात.

धडाम्‌!

पांढऱ्या धुरात अख्खं लपण दिसेनासं झालं. धूर विरला तेव्हा ती मादी जागच्या जागी पडली होती, आणि बाकीची हरणं शेपट्या उभारून दलदलीत शिरत होती.

लोर्नाने करवत बंद केली. ती माझ्याकडे धावत आली. मला वाटलं मिठी मारेल. तिने माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की उरलेलं बर्फ चड्डीपर्यंत गेलं.

"पापा मेले असं सांगायला येत होतास मेल्या!"

मग ती बापाकडे गेली. पापा मादीशेजारी टेकून बसले होते, टोपी हातात, एक हात तिच्या मानेवर. "किती सुंदर आहे," ते म्हणत होते. "किती छान वाढलीय बघ." आणि ते मोकळेपणाने रडत होते. आम्हीही रडलो. सूप गार होईस्तोवर रडलो.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पातेलं भरून मोयाक्का झाला. मार्लिसने हॅम आणलंच होतं, ते कुणी हातही न लावता खिडकीत ठेवलं. पापा टेबलाच्या टोकाला बसले होते, गालांवर रंग चढलेला. त्यांनी पेला उचलला.

"हरणं लोर्नाने बोलावली," पापा म्हणाले. "पाडलं मी."

टाळ्या पडल्या. मी कॉलर नीट केली, खुर्चीत ताठ बसलो.

"आणि आपले जावईबापू," पापांनी माझ्याकडे पेला केला. मी मान झुकवली. "लग्नाला इतकी वर्षं झाली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी तोंड बंद ठेवलं. तसं झालं नसतं, तर आज आपण अननस खात असतो!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! मार्लिससुद्धा उभी राहिली. एवढा मान माझा कधीच झाला नव्हता. सर्वांचे आभार मानावेत, आणि जाता जाता डिसेंबरात हरणं काय खातात याबद्दल दोन शब्द सांगावेत, म्हणून मी उठलो, तोंड उघडलं, तर लोर्नाने पातेल्यातला सगळ्यात मोठा बटाटा काट्याला टोचून त्यात कोंबला.

मी बसलो. बटाटा मात्र फर्मास शिजला होता.